फावड्याची खाज आणि घरातली गळती

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या संपावर आहेत. उरलेल्या सहांचा गोड मानून घ्यावा.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींची पाठ कशी आहे? तुझं कवळ्यांचं काम जोरात असेलच. लोकांचे दात वेळच्या वेळी पडत आहेत ना? इकडे आम्ही सगळे मजेत. तुझी भावजय मजेत, मी मजेत, अण्णा ठणठणीत. एवढ्यावर खरं तर पत्र संपायला हरकत नव्हती, कारण फोनवर आपलं बोलणं एवढ्यावरच संपतं. तू विचारतेस अण्णा कसे आहेत, मी म्हणतो बरे आहेत, तू म्हणतेस बरं, आणि मग आपण दोघं एकमेकांना आपापल्याकडचं हवामान सांगतो. गेल्या अकरा वर्षांत मला तुझ्या गावच्या हवेची इतकी माहिती झाली आहे की मी तिकडे शेती करू शकेन. म्हणून या वेळी पत्र. आणि हे पत्र अण्णांबद्दल नाही. त्या निळ्या कागदाच्या प्रकरणाबद्दल तर मुळीच नाही, त्याचं नाव काढणार नाही अशी मी शपथ घेतली आहे. हे पत्र कुत्र्याबद्दल आहे.

फावड्याला तू पाहिलेलं नाहीस. आई गेली तेव्हा तू आलीस, तीन दिवस राहिलीस, अण्णांशी चार वाक्यं बोललीस (त्यातली दोन गाडीच्या वेळेबद्दल होती), आणि गेलीस. त्यानंतर महिनाभराने हा आमच्या जिन्यात येऊन बसला. रंग मळकट पांढरा, एक कान उभा, एक आडवा, आणि खालचे दात वरच्या ओठाबाहेर. मी त्याला हाकलायला काठी घेऊन गेलो. माझ्यामागून अण्णा आले, खाली बसले, आणि कसलीही ओळखदेख नसताना त्यांनी सरळ त्याचं तोंड उघडून आत पाहिलं. खालचा जबडा पुढे आहे, चावा उलटा आहे, आता या वयात काही करता येणार नाही, असं निदान केलं, आणि उठताना त्याला बरोबर घेऊन आले. नावही त्यांनीच ठेवलं. आपल्या शाळेतल्या कुठल्याही पोराला हे नाव पडलं असतं तर आईने मास्तरांकडे तक्रार नेली असती, पण कुत्र्याने ते आनंदाने घेतलं.

आता तुला खरं सांगायचं तर, आई गेल्यावर अण्णा दिवसाला साधारण अकरा शब्द बोलायचे. (मोजले होते. कचेरीची सवय.) त्यात 'हं' तीन वेळा. फावड्या आला आणि त्यांची वाचा परत आली, मात्र ती आमच्याशी बोलायला नाही. दुपारभर ते कवळ्या घडवायच्या आपल्या जुन्या टेबलाशी बसतात, तो पायाशी बसतो, आणि ते त्याला दाढेला उतार किती ठेवावा, मेण किती तापवावं, कुठल्या गिऱ्हाइकाची हिरडी कशी होती, हे सगळं समजावून सांगतात. बाहेरच्या खोलीत पेपर धरून मी ऐकतो. आपल्या वडिलांचं बोलणं कुत्र्याच्या नावावर आलेल्या टपालासारखं चोरून वाचावं लागतं याचं कधी हसू येतं आणि कधी येत नाही. पण तो आवाज घरात आहे हे आम्हाला पुरतं. म्हणून फावड्या खाजवायला लागला तेव्हा घाबरलो ते आम्ही त्याच्यासाठी नाही. तो आजारी पडून गेला, किंवा रोग लागण्यासारखा निघाला आणि त्याला कुठे पाठवायची वेळ आली, तर पुन्हा अकरा शब्दांवर यायचं, ही भीती होती.

सुरुवात पोटापासून झाली. मग काखा, मग पंजे, मग कान. हा बसल्या जागी मागचा पाय उचलायचा आणि असा खाजवायचा की पायाचा ठोका जमिनीवर धडधड वाजायचा. वरच्या मजल्यावरच्या गायनबाई दोन दिवस समजत होत्या की आम्ही कुणाला तबला शिकवायला ठेवलं आहे. (तिसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाल्या, हात कच्चा आहे पण लय पक्की आहे.) महिन्याभरात पोटावरचे केस गेले आणि गुलाबी कातडी दिसायला लागली, पुढच्या महिन्यात कानांच्या मागे आणि बगलेत चट्टे पडले. केस मात्र वाया गेले नाहीत. ते चहात सापडले, उशीवर सापडले, आणि एकदा माझ्या फायलीतून साहेबांच्या टेबलावर जाऊन तिथे सही झालेल्या कागदाला चिकटून पुढच्या विभागातही गेले.

तुला माहीतच आहे, मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर काढली. माणूस येतो, म्हणतो पाणी येत नाही, म्हणतो मुख्य नळ फुटला आहे, म्हणतो शेजाऱ्याने पंप लावला आहे. आम्ही माणूस पाठवतो आणि वीसपैकी एकोणीस वेळा छापील उत्तर जातं: तपासणी केली असता दोष ग्राहकाच्या स्वतःच्या घरातील जोडणीत आढळून आला. हे वाक्य मी इतक्या वेळा पाठवलं आहे की झोपेतही म्हणतो असं तुझी भावजय म्हणते. तेव्हा मी घरात जाहीर केलं की हा तपास मी करणार. रीतसर नोंदवही घेतली. फावड्याचं चित्र काढलं, एक डाव्या अंगाचं, एक उजव्या, एक पोटाचं, आणि चट्टे लाल पेन्सिलीने रंगवले. (चित्रातला प्राणी मेंढीसारखा दिसत होता हे मला मान्य आहे. शेपटी दाखवून कुत्रा असल्याचं खाली लिहिलं होतं.)

आणि मग एकतीस वर्षांचा अनुभव असलेल्या तुझ्या भावाने काय केलं? सगळीकडे पाहिलं, घर सोडून. आवारातल्या गवतावर संशय घेतला. जिना पुसायच्या औषधावर घेतला. गायनबाईंच्या मांजरीवर तर इतका घेतला की बाईंनी आठवडाभर आमच्याशी बोलणं टाकलं आणि मांजरीने अजून टाकलेलं आहे. औषधांच्या दुकानदाराने न बघताच पिसवा सांगून भुकटी दिली. ती मी इतकी उधळली की कुत्रा सोडून घरातले सगळे शिंकायला लागले. शिवाय नवा साबण आणला, खोबरेल तेल चोळलं, अंथरूण बदललं, कोंबडीपासून केलेल्या कुत्र्याच्या खाण्याचा डबा बदलून दुसऱ्या कंपनीचा कोंबडीचाच डबा आणला, आणि हे सगळं एकाच आठवड्यात. फावड्याला दोन दिवस जरा बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा ठोका सुरू. मधल्या काळात खरजेच्या किड्यांवर एक पुस्तिका वाचल्यामुळे मीही खाजवायला लागलो होतो. संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून खाजवायचो. तुझी भावजय म्हणाली, आधी कुणाला दाखवायचं ते ठरवा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलणं थोडकं आणि हात शांत. मी माझी कचेरी सांगून नोंदवही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. दीड पान ऐकल्यावर त्यांनी विचारलं की साबण, तेल, भुकटी, अंथरूण आणि खाणं एकदम बदललंत, मग दोन दिवस बरं वाटलं ते कशाने? मी नोंदवहीचं पान उलटलं. त्यांनी विचारलं, तुमच्या कचेरीत गळती शोधताना सगळ्या तोट्या एकदम बंद करतात का? आता ताई, हा प्रश्न मला खिडकीच्या बाहेरून कुणी विचारला असता तर मी त्याला उद्या यायला सांगितलं असतं. पण मी खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभा होतो. म्हणालो, नाही, एकेक करून करतात. त्या म्हणाल्या, मग आपणही तसंच करू. खाज हा रोग नव्हे, ती तक्रार आहे. तक्रार कशाबद्दल आहे ते शोधायचं.

(हे वाक्य मी घरी आल्यावर नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. कचेरीत तक्रारीलाच रोग समजायची पद्धत आहे.)

तर त्यांनी एकेक तोटी बंद करायला घेतली. आधी पिसवा. बारीक दातांचा कंगवा फिरवला, निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. पिसवांची घाण असती तर लाल डाग फुटला असता. फुटला नाही. शिवाय पिसवांमुळे केस पाठीवर शेपटीच्या मुळाशी जातात आणि याचे तिथले शाबूत होते, तरी मानेवर थेंब टाकायचं औषध दिलं, कारण एक पिसू लपून राहिली तरी तपास बिघडतो. मग कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली: किडे नाहीत. (माझी खाज त्या क्षणी थांबली.) मग चार केस उपटून बुरशीसाठी ठेवले, दोन आठवड्यांनी उत्तर आलं की बुरशी नाही. म्हणजे आमच्याकडून कुणाला लागण व्हायची भीती नव्हती, आणि गायनबाईंच्या मांजरीची निर्दोष मुक्तता झाली. उरलं खाणं. पोट, पंजे, कान, बगल, आणि ऋतू बदलला तरी तशीच राहिलेली खाज, हे खाण्याकडे बोट दाखवणारं आहे, पण रक्त तपासून ते नक्की कळत नाही. त्याला एकच उपाय: आयुष्यात त्याने कधी खाल्लं नाही असं काहीतरी आठ आठवडे द्यायचं, आणि त्याखेरीज जिभेवर कणही ठेवायचा नाही. मासा आणि लाल भोपळा ठरलं. एक कण, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसापासून.

तुझ्या भावजयीने फावड्यासाठी वेगळं पातेलं काढलं, त्याला लाल दोरा बांधला आणि भिंतीवर छप्पन्न चौकोनांचा कागद लावला. पाचव्या चौकोनावर मी पकडला गेलो. सकाळी चहाबरोबर बिस्किट खाताना मी अर्धं त्याला देतो ही आमची जुनी रीत आहे, आणि हात मेंदूला न विचारता खाली गेला. कागद फाडून नवा लावला गेला. त्या दिवसापासून घरात माझी स्थिती जामिनावर सुटलेल्या माणसासारखी होती. मी चहा गच्चीत जाऊन प्यायलो, ताई, उभ्याने.

पण सहा आठवडे झाले तरी खाज तसूभर हलेना. उलट कानामागचा चट्टा रुंदावला. आम्ही त्याला पुन्हा घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं, कागद पाहिला, पुन्हा काट्याकडे पाहिलं. सव्वा किलो वाढला होता. मोजून मापून दिलेल्या मासा-भोपळ्यावर. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहून शांतपणे विचारलं की याला दुसरं कोण जेवू घालतं? आम्ही शपथा घेतल्या. त्या म्हणाल्या, तुम्ही खोटं बोलत असाल असं मी म्हणत नाही, पण काटाही खोटं बोलत नाही. घरी येताना तुझी भावजय माझ्या दोन पावलं पुढे चालली. तिच्या मते गुन्हेगार ठरलेला होता, फक्त पुरावा यायचा होता.

पुरावा तिने कसा मिळवला ते ऐक, आणि मग मला सांग की बायकोला कचेरीतल्या गोष्टी सांगाव्यात का. गळती सापडत नसली की आम्ही टाकीत रंग सोडतो. निरुपद्रवी असतो, पण मग ज्या भिंतीतून, ज्या गटारात रंगीत पाणी दिसेल तिथे आपलं पाणी जातंय हे कळतं. ही गोष्ट मी जेवताना तिला वर्षानुवर्षं ऐकवत आलो आहे आणि ती 'भात वाढू का' म्हणत आली आहे. मला वाटायचं ऐकत नाही. त्या रविवारी तिने आम्हा माणसांसाठी कोंबडी केली आणि त्यात दोन मोठी बीटं किसून घातली. भात लाल, रस्सा लाल, सगळं ताट लाल. मी विचारलं हे काय, तर म्हणाली रक्त वाढतं. मी निमूटपणे जेवलो. अण्णांचं ताट नेहमीप्रमाणे त्यांच्या कामाच्या टेबलावर गेलं. (गेले काही महिने ते तिथेच जेवतात. आमच्याबरोबर बसत नाहीत, पण ताट कसं चाटूनपुसून लख्ख परत येतं, तिला त्याचं फार कौतुक होतं. गायनबाईंना सांगायची, आमच्या सासऱ्यांना या वयात काय भूक आहे.)

जेवणं झाली आणि तिने हुकूम सोडला: जीभ दाखवा. माझी लाल. तिने आरशात स्वतःची पाहिली, लाल. मग आम्ही फावड्याला हाक मारली. तो आला, शेपटी हलवत, आणि त्याचे ते बाहेर आलेले खालचे दात, हनुवटी, मिशा, छातीवरचा एक पट्टा, सगळं झक्क गुलाबी. लग्नाला निघालेल्या बाईने घाईत ओठ रंगवावेत तसा. ती माझ्याकडे वळली. मी म्हणालो, अगं, मी तुझ्यासमोर जेवलो, माझी जीभ लाल आहे, म्हणजे मी खाल्लं. ती थांबली. मग आम्ही दोघंही एकदमच आतल्या खोलीत गेलो. अण्णा टेबलाशी चहात पाव बुडवून खात बसले होते. ताट लख्ख. तिने फार हळू आवाजात म्हटलं, अण्णा, जीभ दाखवता का जरा. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला सुनेने हे सांगावं! पण ते हसले, आणि दाखवली. पांढरीफटक. बीटाचा एक कण त्यांच्या तोंडात गेला नव्हता. सगळी गळती त्या एका भिंतीत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. एकोणीस वेळा लोकांना कळवलं की दोष तुमच्याच घरात आहे, आणि विसाव्या वेळी ते पत्र माझ्याच नावावर निघालं. अण्णा म्हणाले, तो बघत बसतो रे, माझ्याने खाववत नाही. आम्ही म्हटलं, अहो पण त्याला खाज त्यानेच येते. ते त्याच्या उघड्या पोटाकडे बघत राहिले. इतके दिवस मी त्याला देत होतो ते त्याला बाधत होतं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर फावड्याने त्यांचा हात चाटून दिलं, आणि हातही गुलाबी झाला.

तिसरा कागद लागला. या वेळी एकही चौकोन फाटला नाही. चौथ्या आठवड्यात ठोका विरळ झाला, सहाव्यात पोटावर मऊ लव दिसायला लागली, आणि आठव्याच्या शेवटी गायनबाई खाली येऊन विचारून गेल्या की विद्यार्थ्याने शिकणं सोडलं का. मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून खात्रीसाठी चार दिवस थोडी कोंबडी दिली: चौथ्या दिवशी पाय पुन्हा उचलला. बंद केली: पुन्हा शांत. गुन्हेगार कोंबडी. शिक्का मारून मी फाइल बंद केली. आता त्याचे कान केसांनी भरले आहेत आणि तो पहिल्यापेक्षा देखणा दिसतो, म्हणजे जेवढा दिसू शकतो तेवढा.

तर ताई, अशी ही हकीकत. सांगण्यासारखं याहून काही नाही, काळजी करण्यासारखं तर नाहीच. दाजींना नमस्कार. तुझी पाठवलेली बरणी पोचली होती, ती परत पाठवायची राहिली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकिटाला डिंक लावायचा होता, पण दोन दिवस लावला नाही. वर 'अण्णा ठणठणीत' असं लिहिलं आहे ते खोडून वाच. आणि 'तो बघत बसतो, खाववत नाही' हे त्यांनी जसं सांगितलं तसं मी लिहिलं, पण ते खरं नाही. सव्वा किलो कुत्र्यावर चढलं ते कुणावरून उतरलं, हे गळती शोधणाऱ्याच्या डोक्यात यायला आणखी एक आठवडा गेला. तुझ्या भावजयीने त्यांची पँट धुवायला घेतली तर पट्ट्याला नवी चार भोकं. स्वतःच्या टेबलावरच्या बारीक यंत्राने पाडलेली, अगदी एकसारख्या अंतरावर, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. त्यांना डॉक्टरकडे नेलं. सात किलो कमी भरले. बाकी सगळं ठीक आहे, पण खालच्या हिरडीवर उजवीकडे कवळी घासून जखम झाली आहे. जुनी आहे. त्यांना चावता येत नाही, ताई. कित्येक महिने चावता येत नव्हतं. आम्हाला कळू नये म्हणून ते टेबलाशी जेवायचे, ताट फावड्यापुढे धरायचे, आणि मग चहात पाव बुडवून घ्यायचे. दर पाच वर्षांनी कवळी बदला, हिरड्या झिजतात, असं ज्यांनी अर्ध्या गावाला दटावून सांगितलं, त्यांची स्वतःची अकरा वर्षांची आहे. त्यांनीच केलेली. आपलं काम बसत नाही हे त्यांना सांगता आलं नाही. ते मी कुत्र्यावरच्या सव्वा किलोच्या मागे लागून शोधलं याची मला लाज वाटते, आणि ती मी तुझ्यापाशीच कबूल करू शकतो.

ता. क. २. शपथ मोडतो. निळ्या कागदाबद्दल लिहितो. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी मी दारात उभा होतो आणि सगळं पाहिलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. अण्णांनी आपली नवी कवळी घातली, तुला म्हणाले तपास. चावा कुठे जड पडतो ते दाखवणारा निळा कागद तू दातांमध्ये धरायला दिलास, त्यांनी चावला, आणि उजव्या शेवटच्या दाढेवर गडद डाग उमटला. तू म्हणालीस, केसभर घासायला हवं. ते म्हणाले, कागद चुकतोय. तू म्हणालीस, कागद कुणाची बाजू घेत नाही. आणि मग त्यांचं ते वाक्य, माझ्या टेबलाशी शिकून मला शिकवू नकोस. पुढच्या आठवड्यात तू तुझी हत्यारं बांधलीस. आता माझी विनंती. (पत्र एवढं लांबवलं ते इथवर यायचं धैर्य होत नव्हतं म्हणून.) आमच्या मागच्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे मी त्यांना घेऊन गेलो होतो. अण्णांनी त्याच्या टेबलावरची नमुन्याची कवळी उचलली, उजेडात धरून त्यातल्या चार चुका त्याला दाखवल्या, नमस्कार केला आणि बाहेर आले. घरी आल्यावर मी चिडून विचारलं, मग कुणाच्या हातची चालेल तुम्हाला? ते आत टेबलाशी जाऊन बसले. तासाभराने आतून आवाज आला. फावड्याला सांगत होते की पोरीचा हात फार हलका होता, मेण तिच्या बोटांना कळायचं. माप घ्यायचं सामान घेऊन तू ये. चार दिवस ये, पाचव्या दिवशी जा. त्यांच्याशी बोलली नाहीस तरी चालेल. माप घेताना त्यांना तोंड उघडंच ठेवावं लागेल, तेवढ्यात तुझं काम होईल.

ता. क. ३. हे पत्र मी टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो आणि परत आलो तर अण्णा भिंग लावून ते वाचत होते. पहिल्या पानावरून शेवटच्या पानापर्यंत, ता. क. सह. मला वाटलं आता फाडतात. त्यांनी माझ्या दोन चुका दाखवल्या (त्या दुरुस्त केल्या आहेत), आणि पत्र परत माझ्या हातात दिलं. मग फावड्याच्या डोक्यावर हात ठेवून, पण या वेळी माझ्याकडे बघत, म्हणाले: लिही तिला. येताना तो निळा कागद आण म्हणावं. आणि लिही, उजवीकडे लागत होतं. तेव्हाही लागत होतं.